राखून खेळण्याचा डाव

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत १२० पाने, आणि ती सर्वांना एकाच जोडातून वाटतात. अमेरिकेत रिचर्ड गारफील्ड यांनी रचलेल्या आणि १९९३ साली निघालेल्या ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या खेळात मात्र प्रत्येकजण आपला जोड स्वतः बांधून आणतो. पाने निदान ६०. साधी भूमी वगळता एका नावाची चारच. प्रत्येकाचे प्राण २०. ते संपले की डाव हरला.

यांतला एक प्रकार ‘कंट्रोल डेक’. दौंड जंक्शनावर सिग्नलवाचून गाडी सुटत नाही, तसा हा जोड प्रतिपक्षाला अडवून धरतो. बळ पुरवणारी भूमी सुमारे २६ घालावी. मग उतरते पान रद्द करणारे ‘काउंटरस्पेल’, नवी पाने हाती आणणारी पाने, आणि पटावरचे सगळे प्राणी मारणारे ‘रॅथ ऑफ गॉड’. ते आपलेही प्राणी मारते, म्हणून आपले थोडेच ठेवावेत. जिंकून देणारी पाने दोन-तीन पुरतात.

खरी अक्कल राखण्यात आहे. एका प्राण्यासाठी रॅथ खर्चू नये. घाव सोसावा, तीन जमू द्यावेत. मात्र किती सोसायचे, हे आधी ठरवावे. संप चालवणाऱ्या आम्हांस हे नवे नाही : पहिल्याच आठवड्यात शिल्लक उडवणारी युनियन चौथ्या आठवड्यात मालकाच्या दारी उभी राहते.

शिरूरच्या तरुण कामगारांस एवढेच सांगणे, की दुर्मिळ पानाच्या आशेने पगार बंद पाकिटांत घालू नका. आधी चिठ्ठ्यांवर नावे लिहून घरी जोड पारखा. राखणे खिशापासून सुरू होते.