जुनी रायफल वाचावी कशी

मंडळी, आष्टीसारख्या गावात बंदुकीविषयी बोलायचे म्हणजे जपूनच बोलावे लागते. १६ ऑगस्ट १९४२ ला, नागपंचमीच्या दिवशी, इथल्या ठाण्यावर मोर्चा गेला, गोळीबार झाला, गावची माणसे पडली आणि खवळलेल्या जमावाच्या हातून पोलीसही मारले गेले. अशा गावातल्या पोराने विचारले, "गुरुजी, तेव्हाच्या सरकारी बंदुका होत्या तरी कशा?" तर गुरुजींना सांगता आले पाहिजे.

त्या काळची फौजी रायफल म्हणजे थ्री नॉट थ्री. नळीचे आतले माप ०.३०३ इंच, म्हणजे सुमारे ७.७ मिलिमीटर, त्यावरून हे नाव. नळीत मळसूत्रासारख्या पाच खाचा असतात. दर दहा इंचांत त्यांचा एक वेढा पुरा होतो. त्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते आणि भरकटत नाही. वजन चार किलोच्या आसपास, पोटात दहा काडतुसे. कलकत्त्याजवळच्या इशापूर कारखान्यात ही रायफल वर्षानुवर्षे तयार झाली.

पण खाचा असणे-नसणे ही नुसती लोहाराची बाब नव्हती. १८५७ नंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांच्या हाती मुद्दाम गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या. तिची गोळी लांबवर नेमकी लागत नाही. पुढे पोलीस व पहारेकऱ्यांसाठी थ्री नॉट थ्रीचीच नळी कोरून ०.४१० इंचाची, बिनखाचांची केली आणि मॅगझीन बंद केले; एका वेळी एकच काडतूस. फौजेचे काडतूस तीत चालूच नये, ही त्यातली मेख. सरकारचा कुणावर किती भरवसा होता, हे नळीत डोकावले की कळते!

महायुद्धांनंतर अशा लाखो रायफली फौजांना नकोशा झाल्या. अमेरिकेत १९६८ चा कायदा येईपर्यंत त्या टपालाने घरपोच मिळत. इशापूरच्या रायफलीही तिकडे विकल्या गेल्या. तिथले शौकीन त्या गोळा करतात, साफ करतात, क्लबच्या मैदानावर चालवतात. त्यांच्याकडून घ्यावा तो वाचनाचा गुण. दस्त्याच्या पुढे, बोल्टच्या खाली, लोखंडी पट्टीवर मजकूर कोरलेला असतो. मुकुट आणि 'जी. आर. आय.' ही अक्षरे असली तर इंग्रजी अमदानी. अशोकाचे सिंह असले तर स्वराज्य. खाली कारखाना, साल आणि नमुना. पुढच्या लाकडावर तांब्याची तार गुंडाळलेली दिसली, तर त्या रायफलीने हातबॉम्ब फेकण्याचे काम केले आहे असे समजावे.

म्हणूनच जाणता माणूस अशा लाकडावर पॉलिश-पेपर घासत नाही. छाप गेला की इतिहास गेला. वाळलेल्या लाकडाला आपल्याकडचे जवसाचे तेल तळहाताने चोळावे, थोडे थोडे, दिवसाआड, एवढे पुरे. नळीचे दुखणे वेगळे. जुन्या काडतुसाच्या टोपीतून बार उडाला की नळीत एक क्षार उरतो. तो हवेतली ओल ओढतो आणि गंज चढतो. तेलात तो विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून शिपाई आधी नळीत उकळते पाणी ओतत, मग दोरीने चिंधी ओढून नळी कोरडी करीत आणि शेवटी तेलाचा हात देत. आपल्या आयाबाया पितळेची भांडी धुतात, पुसतात नि मगच मांडणीवर ठेवतात, त्यातलाच हा प्रकार.

आता चालवण्याचे. आपल्या देशात थ्री नॉट थ्री हा सामान्य माणसासाठी प्रतिबंधित बोअर आहे. म्हणून तर तशाच बांधणीची ३१५ बोअरची रायफल परवान्यावर मिळते. १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्यानुसार शस्त्राची विक्रीच नव्हे, दुरुस्ती आणि चाचणी करण्याचा धंदाही परवान्याशिवाय करता येत नाही. मुळीच न चालणारे, दुरुस्तीनेही न चालणारे जुनाट शस्त्र तेवढे या कायद्यातून सुटते. पण ते न चालणारे आहे हे ठरवणारे आपण नव्हे.

कायदा बाजूला ठेवला, तरी जिवाचा प्रश्न आहेच. बोल्टवरचा आकडा आणि रायफलीचा आकडा जुळत नसेल तर दोन तुकडे एकमेकांचे नाहीत असे समजावे. बोल्ट आणि नळी यांत फट वाढली असेल, तर काडतुसाचे पितळ फाटून जळता वायू डोळ्यांवर येतो. एन.सी.सी.च्या मुलांच्या हाती कवायतीची जी रायफल दिसते, तिच्यावर 'डी. पी.' कोरलेले असते. ती फक्त खांद्यावर घेण्याची. नेमबाजीला मुलांना ०.२२ ची वेगळी रायफल देतात, तीही मैदानावर, हुकमावरच.

जुन्या वाड्याच्या माळ्यावर अशी काही वस्तू सापडलीच, तर बोल्ट ओढून पाहू नका, गावात दाखवत फिरू नका. काडतुसे असतील तर त्यांना हातही लावू नका. ठाण्यात वर्दी द्या, जमा केल्याची पावती घ्या. आणि गुरुजी, मुलांना जुनी शस्त्रे दाखवायचीच असतील, तर नागपूरच्या सहलीत अजब बंगल्यातले शस्त्रांचे दालन ठेवा. कोरलेली अक्षरे उतरवून घ्यायला वह्या-पेन्सिली मात्र बरोबर असू द्या.