‘ओपन’ला गेल्यावर

सातपूरच्या कामगार वस्तीतल्या एखाद्या घरचा माणूस जन्मठेपेत अडकला, की घरच्यांची वाट ठरून जाते. त्र्यंबक रोडने सीबीएस, तिथून द्वारका आणि पुढे नाशिकरोडचं मध्यवर्ती कारागृह. साने गुरुजींनी १९३३ साली ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात लिहिली, एवढं आपल्याला शाळेत कळलेलं असतं. मुलाखतीच्या रांगेत उभं राहिलं की बाकीचं शिक्षण होतं. संचित रजा, अभिवचन रजा, माफी हे शब्द तिथे बायाबापड्यांच्याही तोंडी असतात. आणि मधूनच कुणीतरी सांगतं, ‘आमचा ओपनला गेला.’ नवख्याला वाटतं, सुटला. सुटलेला नसतो. शिक्षा तीच असते, फक्त ती आता खुल्या कारागृहात भोगायची असते.

तिथे जायचं कसं, हे आधी पाहू. कोर्ट कुणाला ‘ओपन’ देत नाही. महाराष्ट्रात यासाठी १९७१चे खुल्या कारागृहांचे नियम आहेत. बंद कारागृहात शिक्षेचा ठरावीक भाग काढलेला, वर्तणूक चांगली असलेला, शेतीकाम झेपेल अशा प्रकृतीचा बंदी असेल तर त्याचं नाव अधीक्षकांकडून निवड समितीपुढे जातं. सराईत गुन्हेगार, दरोड्याच्या गुन्ह्यातले, पूर्वी पळून गेलेले, अशांची नावं चाळणीतच गळतात. रजेवरून वेळेवर परत आला का, हे बारकाईने पाहतात. ते बरोबरच आहे. मोकळं सोडल्यावर माणूस काय करतो, याचा त्याहून चांगला पुरावा कुठून आणणार?

निवड झाली की बदली. राज्यात पैठण, येरवडा, मोर्शी अशा ठिकाणी खुली कारागृहं आहेत. पैठणचं १९६८ साली सुरू झालं. तेव्हा जायकवाडीचं धरण बांधलं जात होतं आणि बंद्यांचे हात त्या कामाला लागले. आज तिथलं मुख्य काम शेतीचं आहे.

दिवस उजाडतो तो गिनतीने. खुलं असलं तरी हे तुरुंगच आहे, याची आठवण इथे होते. सगळ्यांनी रांगेत बसायचं, डोकी मोजायची, आकडा वहीतल्या आकड्याशी जुळायचा. मग चहा, नाश्ता आणि काम. कुणी नांगरटीला, कुणी पाण्याच्या पाळीला, कुणी भाजीच्या वाफ्यात, कुणी गोठ्यात. पिकलेलं धान्य, भाजी कारागृहांच्या स्वयंपाकघरांत जाते. पहाऱ्याला शिपाई असतात, पण मोजके. दुपारचं जेवण, पुन्हा काम, संध्याकाळी पुन्हा गिनती. त्यानंतर टीव्ही, भजन, कॅरम, पत्रलेखन. झोपायचं बराकीतच, पण रात्रभर दाराला कुलूप नसतं. अनेक वर्षं संध्याकाळ झाली की आत कोंडून घ्यायची सवय लागलेल्या माणसाला अंधारात अंगणात उभं राहता येतं, हा बदल कागदावर मांडता येत नाही.

कामाचा पगार मिळतो, बंद कारागृहातल्यापेक्षा जास्त दराने. तरी बाहेरच्या मजुरीच्या मानाने तो फार कमी. सातपूरच्या एमआयडीसीत हेल्परलाही त्याहून बरंच अधिक मिळतं. त्यातला काही भाग कँटीनच्या साबण-तंबाखूला जातो, काही मनीऑर्डरने घरी.

आता खरी गोष्ट. पळणं इतकं सोपं असताना लोक पळत का नाहीत? चांगुलपणा हे एक उत्तर झालं. मला हिशेब हे जास्त पटणारं उत्तर वाटतं. खुल्या कारागृहात शिक्षेतली माफी बंद कारागृहापेक्षा कितीतरी वेगाने जमते. पळाला तर साठलेली माफी धोक्यात, नवा गुन्हा दाखल, आणि पकडल्यावर पुन्हा उंच भिंतीआड. प्रत्येक बंद्याला स्वतःचे दिवस तोंडपाठ असतात. तुरुंगाची भिंत या पाठांतराने बांधलेली असते. जन्मठेपवाल्यांसाठी मात्र एक अट आहे. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकली असती अशा गुन्ह्यात माफी कितीही जमली तरी प्रत्यक्ष १४ वर्षं तुरुंगात काढावीच लागतात. १९७८ साली फौजदारी प्रक्रिया संहितेत ४३३-अ हे कलम आलं, तेव्हापासूनचा हा नियम. ‘चौदा वर्षं झाली की सुटका’ असा समज त्यातूनच पसरला. प्रत्यक्षात १४ वर्षांनंतर फाईल सरकारकडे जायला लागते, एवढंच.

या सगळ्याहून धाडसी प्रयोग आपल्याच राज्यात, सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ आहे. १९३०च्या दशकाच्या अखेरीस औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी, मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या पुढाकाराने, शिक्षा झालेल्यांना मोकळ्या माळावर वसवलं. वसाहतीचं नाव ठेवलं स्वतंत्रपूर. माडगूळ त्याच भागातलं. ग. दि. माडगूळकरांनी पुढे कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. सिनेमा गाजला, बर्लिनच्या महोत्सवात गौरवला गेला. वसाहत मात्र बहुतेकांना सिनेमातलीच वाटते. ती आजही चालू आहे. इथे बंदी बायकामुलांसह राहतो, वाट्याला आलेली जमीन कसतो, मुलं जवळच्या शाळेत जातात. गिनती इथेही आहे, हद्दही आहे. पण संध्याकाळी तो परततो तो बराकीत नव्हे, चूल पेटलेल्या घरात. राजस्थानात सांगानेरला हीच कल्पना आणखी पुढे गेली आहे. तिथले बंदी दिवसा गावात जाऊन मजुरी, दुकानदारी करतात आणि स्वतःचं पोट स्वतः भरतात.

स्वतंत्रपूरची क्षमता अवघी २८ बंद्यांची. इतक्या वर्षांत वसाहत वाढली नाही, दुसरी तशी निघाली नाही, हे मला समजत नाही. कमी पहारेकरी, कमी खर्च, पिकणारी जमीन, सगळं सरकारच्याच फायद्याचं. बायकांच्या बाबतीत तर आणखी ढिलाई. येरवड्यात महिलांचं खुलं कारागृह निघालं ते पुरुषांची खुली कारागृहं रुळल्यावर कितीतरी उशिरा. त्यामुळे नाशिकरोडच्या मुलाखतीला येणाऱ्या घरच्यांनी जामीन-अपिलाच्या चौकशीबरोबर आणखी एक प्रश्न विचारायला हरकत नाही: निवड समितीपुढे जाणाऱ्या यादीत नाव घातलं आहे का, आणि नसेल तर कोणत्या कारणाने. पूर्वीची एखादी रजा उशिरा संपवली असेल, तर बहुधा उत्तर तिथेच सापडतं.