लहान नौका, मोठी युद्धे – लेखांक 6 : आखूड पल्ल्याची नौका कराचीपर्यंत कशी पोहोचली?

मागच्या आठवड्यात आपण ‘कोमार’ पाहिली. लाकडी पाणतीर-नौकेवर दोन क्षेपणास्त्रे चढवून सोव्हिएत आरेखकांनी भागवलेली ती तात्पुरती सोय होती. 21 ऑक्टोबर 1967 रोजी इजिप्तच्या कोमार नौकांनी पोर्ट सैदजवळ इस्रायलची ‘एलात’ ही विनाशिका बुडवली आणि जगभरच्या नौदलांना घाम फुटला. आज कोमारची थोरली बहीण पाहू : सोव्हिएतांचा ‘प्रकल्प 205’, नाटो देशांच्या बोलीत ‘ओसा’.

कोमारमध्ये जे जे उणे होते, ते ओसात भरून काढले गेले. लाकडाऐवजी पोलादी सांगाडा आला, दोनाऐवजी चार क्षेपणास्त्रे आली. मागची जोडी पुढच्या जोडीच्या डोक्यावरून सुटावी, म्हणून जास्त तिरकी बसवली. पुढे आणि मागे 30 मिलिमीटरच्या जुळ्या तोफा, त्यांचा नेम धरायला वेगळे रडार. नौकेची लांबी साधारण 39 मीटर, वजन दोनशे टनांच्या आसपास आणि खलाशी तीसेक. खरी करामत मात्र इंजिनखोलीत होती. तिथे प्रत्येकी 4,000 अश्वशक्तीची तीन डिझेल इंजिने होती. एकेका इंजिनात 42 सिलिंडर, सहा-सहांच्या सात रांगांत, चाकाच्या आऱ्यांसारखे मांडलेले. त्यांच्या जोरावर ही नौका ताशी 38 सागरी मैलांच्या घरात धावे.

तिचे ‘पी-15’ क्षेपणास्त्र दोन टनांहून जड होते. पल्ला सुमारे 40 किलोमीटर, पोटात पाचशे किलोच्या आसपास स्फोटक. शेवटच्या टप्प्यात ते स्वतःच्या रडारने लक्ष्य हुडकत असे.

पण दोनशे टनांत सगळेच मावत नाही. शस्त्रे आणि इंजिने बसवल्यावर इंधन, पाणी आणि माणसे यांच्या वाट्याला उरली ती जागा तुटपुंजी. खवळलेल्या समुद्रात ही नौका हैराण होई. किनाऱ्याच्या आडोशाला थांबायचे, शत्रूचे जहाज टप्प्यात आले की झेपावायचे, मारा करून परतायचे, एवढेच काम सोव्हिएतांनी तिच्यासाठी योजले होते. घरापासून दूर जाऊन परक्या बंदरावर हल्ला चढवणे त्या आराखड्यात बसत नव्हते.

भारताने अशा आठ नौका घेतल्या : नाशक, निपात, निर्भीक, निर्घात, विनाश, वीर, विद्युत आणि विजेता. त्यांच्या खलाशांनी व्लादिवोस्तोकला रशियन शिकून प्रशिक्षण घेतले. एवढे वजन उतरवणारी क्रेन मुंबई बंदरात नव्हती, म्हणून नौका कलकत्त्याला उतरवल्या गेल्या आणि मोठ्या जहाजांमागे बांधून, द्वीपकल्पाला वळसा घालत मुंबईला आणल्या. त्या लांबलचक प्रवासात एक गोष्ट पक्की झाली. ही नौका ओढून नेता येते. तिची इंजिने आणि इंधन लढाईच्या घडीसाठी राखता येते.

मुंबईहून कराची सुमारे 500 सागरी मैल. 4 डिसेंबर 1971 रोजी निपात, निर्घात आणि वीर यांच्यासोबत किलतान आणि कछाल या पाणबुडीविरोधी युद्धनौका निघाल्या. इंधनासाठी पोषक हे तेलवाहू जहाज होते. स्क्वाड्रनचे नेतृत्व कमांडर बब्रू भान यादव यांच्याकडे होते. दिवसभर हा ताफा पाकिस्तानी विमानांच्या टप्प्याबाहेर राहिला आणि अंधार पडल्यावर उत्तरेला सरकला. निर्घातच्या क्षेपणास्त्रांनी ‘खैबर’ ही विनाशिका बुडाली. झेपावत येणारे क्षेपणास्त्र म्हणजे विमानच, असे समजून तिच्या तोफा त्यावर डागल्या गेल्या होत्या. ‘मुहाफिज’ ही सुरुंग काढणारी नौकाही वीरच्या माऱ्याने बुडाली. चार दिवसांनी, 8 डिसेंबरच्या रात्री, एकटी विनाश त्रिशूल आणि तलवार या युद्धनौकांबरोबर पुन्हा कराचीपुढे गेली आणि केमारीच्या तेलटाक्या पेटल्या. दोन्ही मोहिमांत भारताची एकही नौका कामी आली नाही. 4 डिसेंबर हा आपला नौदल दिन झाला तो यामुळेच.

या यशाचे श्रेय एकट्या क्षेपणास्त्राला देणे चूक आहे. तेच क्षेपणास्त्र इजिप्त आणि सीरियाकडेही होते. भारतीय नौदलाने नौकेच्या उणिवा आधी नीट ओळखल्या आणि एकेक उणीव दुसऱ्या जहाजाकडून भरून घेतली. पाण्याखालचा शत्रू शोधायला एक, इंधन पुरवायला दुसरे. आराखड्यातला पल्ला नियोजनाने वाढवला.

कारवारच्या रवींद्रनाथ टागोर किनाऱ्यावर ‘चपळ’ ही क्षेपणास्त्र नौका संग्रहालय म्हणून उभी आहे. ती 1976 साली दाखल झाली, म्हणजे कराचीवरच्या हल्ल्यात ती नव्हती; ती ओसाची सुधारित आवृत्ती. जुन्या ओसावर क्षेपणास्त्रांसाठी चौकोनी पेट्या होत्या, इथे गोल नळकांडी दिसतील, कारण नव्या क्षेपणास्त्राचे पंख दुमडत. गोव्याहून खाली उतरलात तर ती जरूर पाहा.

पुढच्या लेखात 1973 ची लाताकियाची लढाई. तिथे ओसा आणि कोमार यांनी सोडलेले एकही क्षेपणास्त्र लागले नाही. का, ते पाहू.