पाळणा लांबवायची गोळी बदलताना खंड नको

गावाकडं आशाताईंकडून माला-एन मिळत होती. कांदिवलीच्या चारकोपला बिऱ्हाड हललं, पाकीट संपलं आणि हाती छाया आली. दोन्ही पाळणा लांबवायच्याच गोळ्या, पण घ्यायची रीत वेगळी. इथंच घोळ होतो आणि नको असताना दिवस जातात.

माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. २१ हार्मोनच्या, ७ लोहाच्या. रोज एक घ्यायची. दुकानात मिळणाऱ्या माला-डीत औषध तेच. त्यामुळे एन संपली की दुसऱ्या दिवशी डी सुरू करावी. दुसऱ्या नावाची हार्मोनची गोळी आणली तरी दोन पाकिटांतल्या हार्मोनच्या गोळ्यांत सात दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नये.

छायात हार्मोन नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनं शोधलेली ही गोळी १९९१ साली 'सहेली' नावानं बाजारात आली. २०१६ मध्ये तिचा सरकारी कार्यक्रमात समावेश झाला. पाळीच्या पहिल्या दिवशी पहिली गोळी, चौथ्या दिवशी दुसरी. रविवारी सुरू केली तर रविवार आणि बुधवार. तीन महिने हेच दोन वार. त्यानंतर आठवड्याला एकच, रविवारची. माला-एनसारखी रोज घ्यायची नाही आणि पहिल्यापासून आठवड्याला एकही चालत नाही.

माला-एनवरून छायावर यायचं असेल तर लोहाच्या गोळ्या चालू असताना पाळी येते, त्या पहिल्या दिवशी छाया सुरू करावी. सुरुवातीला पाळी लांबू शकते. घाबरू नये, पण पंधरा दिवस उलटले तर तपासणी करून घ्यावी. छाया चुकली तर आठवली की लगेच घ्यावी आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरावा. सात दिवसांहून जास्त उशीर झाला तर पुन्हा आठवड्याला दोनपासून सुरुवात.

बाळ सहा महिन्यांच्या आतलं आणि अंगावर पीत असेल, रक्तदाब जास्त असेल, तर माला-एन नको. नुकतीच कावीळ झालेल्या किंवा अंडाशयात गाठी असलेल्या बाईनं छाया घेऊ नये. क्षयाचं औषध चालू असेल तर ते आधी डॉक्टरांना सांगावं, कारण त्यातल्या रिफॅम्पिसिननं हार्मोनच्या गोळीचा असर कमी होतो.

पालिकेच्या दवाखान्यात जाताना जुनं पाकीट सोबत न्यावं. कुठली गोळी, कितवी झाली, हे त्यावरून लगेच कळतं.