खुळ्या रोपाने शिकवलेले शास्त्र



नाशिक-सांगलीकडचे द्राक्षबागायतदार घड जी.ए.च्या द्रावणात बुडवतात. मणी फुगतो, लांबतो, मालाला भाव येतो. ही जी.ए., म्हणजे जिबरेलिक आम्ल, आली कुठून असे विचारले तर ‘दुकानातून’ एवढेच उत्तर मिळते. खरे पाहता तिची कूळकथा भाताच्या वाफ्यात सुरू होते.

जपानात भाताच्या वाफ्यात काही रोपे भोवतालच्या रोपांपेक्षा उंच, किडकिडीत आणि फिकट दिसत. नवख्याला वाटावे, काय जोम आहे! पण त्यातली बरीच मरत, आणि जगली तरी दाणा नीट भरत नसे. तिथल्या शेतकऱ्यांनी या रोगाला ‘बाकानाए’, म्हणजे खुळे रोप, असे नाव दिले. शास्त्रज्ञ येण्याआधीच निम्मे निदान त्या नावात झाले होते.

१८९८ साली होरी यांनी हा रोग बुरशीचा आहे हे दाखवले. पुढे १९२६ मध्ये तैवानात काम करणाऱ्या कुरोसावा यांनी एक साधा प्रयोग केला. बुरशी वाढवलेले पाणी त्यांनी गाळून घेतले आणि बुरशी नसलेले ते पाणी निरोगी रोपांना दिले. तीही तशीच उंच वाढली! म्हणजे रोपाला ताणतो तो बुरशीतून पाझरणारा पदार्थ. १९३५ मध्ये यबुता यांनी त्याला जिबरेलिन हे नाव दिले.

पण हे सारे लिहिले गेले जपानी भाषेत. त्यात महायुद्ध आले. इंग्लंड-अमेरिकेत या पदार्थावर नेटाने काम सुरू झाले ते १९५० नंतर. मग कळले की निरोगी झाडेही आपापले जिबरेलिन तयार करतात. द्राक्षात ते बरेचसे बीमधून मण्याला मिळते. बिनबियांच्या मण्याला हा पुरवठा नसतो, म्हणून तो बारीक राहतो. लोकांना बी नको आणि मणी मात्र मोठा हवा; म्हणून तर आपण घड बुडवतो.

गंमत पुढेच आहे. त्याच १९३५ साली जपानात ‘नोरिन १०’ हा बुटका गहू प्रसारित झाला. त्याचा बुटकेपणा अमेरिका आणि मेक्सिकोमार्गे १९६० नंतर आपल्या शेतात आला. खत दिले तरी हा गहू सहसा लोळत नाही. पैदासकारांनी तो डोळ्यांनी पारखून आणि मोजपट्टी लावून निवडला होता. तो बुटका का, हे ठाऊक नव्हते. पुढे उलगडा झाला: हा गहू जिबरेलिनचा हुकूम फारसा ऐकतच नाही. जिबरेलिन फार झाले की रोप खुळे, त्याचे ऐकले नाही की बुटके!

बघा, एका शोधाला किती हात लागले. शेतकऱ्याने दिलेले नाव, गाळलेले पाणी, दोन भाषांमधली भिंत, लढाई, गिऱ्हाइकाची आवड. शास्त्र एका रात्रीत, एकाच्या डोक्यातून येत नाही.

म्हणून तुम्हीही एवढे करा. पिकात वेगळे रोप दिसले तर लगेच उपटून फेकू नका. त्याला सुतळी बांधा. वाण, तारीख आणि जागा वहीत लिहा. कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. ते भाताचे खुळे रोपच निघाले तर मात्र उपटून नष्ट करा आणि त्या शेतातले बियाणे धरू नका.

आणि नवे औषध किंवा खत वापराल तेव्हा एक ओळ त्याच्याविना सोडा. काढणीला दोन्ही ओळींचा माल वेगळा तोला. कुरोसावांनी निरोगी रोपे घेऊन जे केले, तेच तुम्ही आपल्या बांधावर केलेले असेल. औषधाचे पैसे वसूल झाले की पाण्यात गेले, हे दुकानदार सांगणार नाही. ती सोडलेली ओळ सांगेल.