लहान विमाने आणि रेडिओचे नवे नियम

न्यासाच्या कुटुंबांतील वडीलधाऱ्या मंडळींना रेडिओच्या लायसन्सचे पुस्तक आठवत असेल. त्या काळी घरात रेडिओ आला म्हणजे पोस्टात जाऊन दर वर्षी शुल्क भरावे लागे. १९५५ साली इंदूरला आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले आणि मालवा हाऊसमधून निघणारे कार्यक्रम घरोघर ऐकू येऊ लागले. रेडिओ कोणत्याही कंपनीचा असो, मुंबईत घेतलेला असो वा येथल्या दुकानात, काटा योग्य आकड्यावर आणला की केंद्र लागत असे. त्यामुळे आपल्या मनात एक समजूत पक्की बसली आहे की, आकडा जुळला म्हणजे रेडिओ जुळला. आकाशवाणीपुरती ही समजूत खरी आहे. परंतु मुले मैदानावर रेडिओच्या साहाय्याने जी लहान विमाने उडवितात, त्यांच्या बाबतीत ती अपुरी पडते. त्यातून पैसा वाया जातो आणि प्रसंगी इजाही होऊ शकते. म्हणून या विषयाची थोडी फोड करून सांगणे आम्हांस इष्ट वाटते.

अशा विमानाच्या संचाचे दोन भाग असतात. मुलाच्या हातात असतो तो ट्रान्समीटर आणि विमानाच्या पोटात बसविलेला तो रिसीव्हर. हातातली दांडी हलविली की ट्रान्समीटर तिची स्थिती रेडिओलहरींवरून पाठवितो. रिसीव्हर ती ओळखतो आणि पंखांच्या व शेपटीच्या झडपा हलविणाऱ्या छोट्या मोटारींना तसा हुकूम देतो. हे एका सेकंदात अनेक वेळा घडते. ट्रान्समीटर म्हणजे बोलणारा आणि रिसीव्हर म्हणजे ऐकणारा असे समजावे. दोघांची पट्टी एक हवी हे उघडच आहे. पण तेवढ्याने भागत नाही. दोघांची भाषा एक हवी आणि बोलण्याचे वेळापत्रकही एक हवे.

सरकारचे रेडिओविषयक नियम मुख्यतः बोलणाऱ्यासाठी असतात. कोणत्या पट्टीत बोलावे, किती जोराने बोलावे, किती वेळ बोलावे, हे नियम सांगतात. ऐकणाऱ्याने काय करावे हे त्यांत क्वचितच लिहिलेले असते. पण बोलणाऱ्याची पद्धत बदलली की जुना ऐकणारा मागे पडतो. नियम ट्रान्समीटरला लागतो आणि निकामी होतो तो रिसीव्हर, ही या सगळ्या प्रकरणातील मुख्य गोष्ट होय.

याचे पहिले ठळक उदाहरण अमेरिकेतले आहे. तेथे विमानांसाठी ७२ मेगाहर्ट्झची पट्टी होती. छांदिष्टांची संख्या वाढली तेव्हा १९८२ साली सरकारने तीत जास्त वाटा पाडण्याचे ठरविले आणि ही योजना टप्प्याटप्प्याने अमलात येऊन १९९१ साली पूर्ण झाली. ७२.०१ पासून ७२.९९ मेगाहर्ट्झपर्यंत एकूण ५० वाटा झाल्या. दोन वाटांमध्ये अंतर राहिले अवघे २० किलोहर्ट्झ. नव्या ट्रान्समीटरांचा आवाज तेवढ्या अरुंद वाटेत मावेल असा बांधलेला होता. मात्र जुन्या रिसीव्हरांचे कान रुंद वाटांच्या काळातले होते. शेजारच्या वाटेवर दुसऱ्या कुणी विमान उडविले की त्याचाही आवाज त्यांत शिरे. कायद्याने त्या रिसीव्हरांवर बोट ठेवले नव्हते, तरी मैदानावर ते धोक्याचे ठरले आणि लोकांना ते बदलावे लागले.

पुढे २.४ गिगाहर्ट्झची पट्टी आली आणि वाटा वाटून घेण्याची कटकट पुष्कळशी संपली. आपल्या देशात २००५ सालच्या जानेवारीत सरकारने २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ ही पट्टी कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवान्यातून मुक्त केली. ट्रान्समीटरची शक्ती एक वॅटपर्यंत आणि अँटेनासह होणारा परिणाम चार वॅटपर्यंत, अशी मर्यादा घातली. परवाना माफ झाला तरी उपकरणाच्या नमुन्यास दूरसंचार खात्याच्या डब्ल्यू. पी. सी. विभागाची मान्यता लागते, हे विसरू नये. नियमात आणखी एक अट आहे. ही पट्टी सर्वांच्या सामाईक वापराची असून कुणालाही संरक्षण नाही. शेजाऱ्याच्या वायफायमुळे आपल्या विमानात अडथळा आला, तर दाद मागण्याची सोय नाही.

रात्री सराफ्यात खाण्यासाठी गर्दी उसळते, तेव्हा जो तो आपापल्या माणसाला हाका मारीत असतो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्टीत असाच प्रकार असतो. वायफाय, ब्ल्यूटूथ, विमानांचे संच, सारे तेथेच. मायक्रोवेव्ह भट्टीचीही कंपनसंख्या याच पट्टीत येते. या गोंगाटात हाक ऐकू जावी म्हणून संच बनविणाऱ्यांनी निरनिराळ्या युक्त्या काढल्या. स्पेक्ट्रम कंपनीच्या डी. एस. एम. टू पद्धतीत ट्रान्समीटर सुरू होताना दोन वाटा निवडी आणि शेवटपर्यंत त्यांवरच राही. नंतरच्या डी. एस. एम. एक्स पद्धतीत तो ठराविक क्रमाने एका वाटेवरून दुसऱ्या वाटेवर उड्या मारतो आणि रिसीव्हर त्याच क्रमाने त्याच्यामागून जातो. प्रत्येक कंपनीने आपला क्रम व आपली भाषा ठरविली. म्हणून दोन्ही यंत्रे २.४ गिगाहर्ट्झची असूनही एका कंपनीचा रिसीव्हर दुसरीच्या ट्रान्समीटरला सहसा ओळख देत नाही.

अशा स्थितीत युरोपात नवा नियम आला. ई. एन. ३०० ३२८ या मानकाची १.८.१ ही आवृत्ती १ जानेवारी २०१५ पासून तेथे विक्रीस येणाऱ्या नव्या मालास बंधनकारक झाली. दहा मिलिवॅटपेक्षा जास्त शक्तीच्या उपकरणाने एक तर बोलण्यापूर्वी वाट मोकळी आहे की नाही हे ऐकून घ्यावे, नाही तर आपले बोलणे फार थोड्या वेळापुरते मर्यादित ठेवावे, असा त्याचा सारांश. उद्देश चांगला होता. सामाईक विहिरीवर प्रत्येकाने रांगेचे भान ठेवावे, यात गैर काय?

परिणाम मात्र रिसीव्हरांपर्यंत पोहोचला. ट्रान्समीटर ऐकण्यासाठी थांबू लागला म्हणजे त्याचे वेळापत्रक बदलले. जुन्या वेळापत्रकाने चालणाऱ्या रिसीव्हराची त्याच्याशी गाठ पडेना. शिवाय हल्लीचे पुष्कळ रिसीव्हर नुसते ऐकत नाहीत. बॅटरीत किती जोर उरला, लहर किती स्पष्ट येते, हे ते उलट कळवितात. म्हणजे ते स्वतः बोलतातही, आणि जो बोलतो त्याला नियम लागतो. फ्रस्काय कंपनीने यासाठी युरोपची वेगळी आणि इतर देशांची वेगळी अशी दोन प्रकारची फर्मवेअर काढली. ट्रान्समीटर एका प्रकारचा आणि रिसीव्हर दुसऱ्या प्रकारचा असला, तर बाहेरून दोन्ही एकसारखे दिसत असूनही ते जुळत नाहीत. स्पेक्ट्रमच्या युरोपात विकल्या जाणाऱ्या नव्या ट्रान्समीटरांतून डी. एस. एम. टू भाषा काढून टाकण्यात आली. ज्यांच्याजवळ फक्त तीच भाषा समजणारे रिसीव्हर होते, त्यांना नव्या ट्रान्समीटरचा उपयोग राहिला नाही. ज्यांच्याजवळ जुना ट्रान्समीटर होता, त्यांना तो वापरण्यास मनाई नव्हती. नियम नव्या विक्रीपुरता होता.

युरोपच्या नियमाशी इंदूरच्या मुलांचा काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध असा की, आपल्या समाजातील कितीतरी मुलेमुली आज जर्मनीत, इंग्लंडात व अमेरिकेत नोकरीस आहेत आणि ईद-दिवाळीस घरी येताना भाचे-पुतण्यांसाठी अशा वस्तू आणतात. आमच्या शाळेच्या विज्ञान मंडळास एका माजी विद्यार्थ्याने जर्मनीहून मोठ्या प्रेमाने एक उत्तम ट्रान्समीटर पाठविला. मुलांनी त्याच कंपनीचे दोन रिसीव्हर येथे विकत घेतले. आठवडाभर खटपट करूनही त्यांचा मेळ बसेना. यंत्रे नादुरुस्त नव्हती; ट्रान्समीटर युरोपच्या नियमाचा आणि रिसीव्हर इतर देशांसाठीचे होते, एवढेच. पुढे माहीतगाराकडून रिसीव्हरांचे फर्मवेअर बदलून घेतल्यावर ते लगेच जुळले. विकणाऱ्याला हा फरक ठाऊक नव्हता आणि डब्यावरही तो ठळक छापलेला नव्हता.

अमेरिकेहून येणाऱ्या संचात निराळीच अडचण असते. लांब पल्ल्यासाठी तेथे ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झची पट्टी वापरतात. आपल्या देशात या कामी २००५ साली ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ ही पट्टी मोकळी झाली. आपल्याकडे ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झ या भागात मोबाईल फोन आपल्या टॉवरशी बोलत असतात. म्हणजे अमेरिकन संच येथे सुरू केला तर तो फोनच्या वाटेत घुसतो. तो कायद्याचा भंग आहे आणि लोकांच्या सोयीसही बाधक आहे. एक्सप्रेस एल. आर. एस. नावाच्या प्रचलित पद्धतीत भारतासाठी ८६६ असा वेगळा पर्याय ठेवलेला आहे. परंतु तो ट्रान्समीटरमध्ये निवडला आणि रिसीव्हर अमेरिकेच्या पर्यायावर राहिला, तर दोघांची भेट होत नाही. दोहोंकडे एकच पर्याय भरावा लागतो.

आता कुणी म्हणेल, जुळले नाही तर उडणार नाही, त्यात धोका कसला? मुळीच न जुळणारा संच निरुपद्रवी असतो, हे खरे. धोका आहे तो अर्धवट जुळणाऱ्या संचाचा. जुन्या काळचा रुंद कानाचा रिसीव्हर टेबलावर छान चाले आणि मैदानावर शेजारचा संच सुरू होताच बहके. दोन ठराविक वाटांवर बसून राहणारा संच रिकाम्या माळावर चांगला चालतो. वस्तीजवळ, जेथे प्रत्येकाच्या खिशात फोन आणि प्रत्येक घरात वायफाय आहे, तेथे त्याची हाक दबते. दीड-दोन किलोचे विमान तासाला साठ किलोमीटर वेगाने चालले असता सेकंदात सोळा मीटरहून अधिक अंतर कापते. दोन सेकंद संपर्क तुटला तर ते मैदानाच्या टोकाशी बसलेल्या मुलांपर्यंत पोहोचते, आणि पुढचा पंखा बोट कापण्याइतका धारदार असतो.

यास्तव काही गोष्टी आवर्जून सांगाव्याशा वाटतात. नवा ट्रान्समीटर घेण्याआधी घरात असलेल्या रिसीव्हरांची नावे व पद्धती कागदावर लिहाव्यात आणि त्या भाषा नव्या यंत्रास येतात की नाही हे विचारावे. परदेशातील नातेवाईकाला आधीच कळवावे की, कोणत्या देशासाठीचा नमुना हवा आणि भारतात कोणती पट्टी चालते. शक्य तर ट्रान्समीटर व रिसीव्हर एकाच ठिकाणाहून जोडीने घ्यावेत आणि मान्यतेचा कागद मागून ठेवावा. फर्मवेअर बदलायचे तर दोन्ही बाजूंचे एकाच वेळी बदलावे. एका बाजूचे बदलून लगेच मैदानावर जाऊ नये. प्रत्येक बदलानंतर विमान जमिनीवर धरून दूर चालत जावे आणि कमी शक्तीवर झडपा हलतात का, हे पाहावे. त्यानंतर पंखा काढून ठेवून ट्रान्समीटर बंद करावा. संपर्क तुटताच मोटार थांबण्याची योजना असते. ती योजना खरोखर काम करते की नाही, हे जमिनीवरच कळले पाहिजे.

कुठे व किती उंच उडवावे, हा निराळा विषय असून २०२१ सालच्या ड्रोन नियमांत तो आला आहे. आपल्या शहराला विमानतळ लागून आहे, तेव्हा जागा निवडण्याआधी ते नियम व हवाई हद्दीचा नकाशा अवश्य पाहावा.

जुने संच मात्र फेकू नयेत. जुना ट्रान्समीटर आणि त्याच्याच जोडीचा रिसीव्हर, पट्टी आपल्या देशातील नियमात बसत असेल तर, शिकण्यासाठी उत्तम आहेत. तो उघडून मुलाला लहर, वाट आणि शिस्त यांचा जो बोध होतो, तो पुस्तकातून होत नाही. आपल्याजवळच्या महूला सैन्याच्या सिग्नल दळाचे मोठे महाविद्यालय आहे. आज थर्माकोलचे विमान जोडणारा एखादा मुलगा वा मुलगी उद्या तेथे वा अशाच दुसऱ्या संस्थेत पोहोचेल, अशी आशा आम्ही शिक्षक मंडळी बाळगतो.

न्यासाच्या या महोत्सवी वर्षात ज्या कुटुंबांना शाळांस विज्ञानाचे साहित्य भेट द्यावयाचे असेल, त्यांना आमची एवढीच विनंती आहे की, भेट पाठविण्याआधी शाळेला एक पत्र टाकावे आणि तेथे आधी काय आहे ते विचारावे. एका पत्राने मुलांचा आठवडा आणि दात्याचे पैसे दोन्ही वाचतील, आणि विमान पहिल्याच दिवशी उडेल.