नकार आणि नकारात्मकता

'सकारात्मक विचार करा' हा उपदेश आज सर्वत्र ऐकू येतो. महाविद्यालयांच्या व्याख्यानमालांत, पुस्तकांच्या दुकानांत, नोकरीच्या तयारीवर्गांत तोच मंत्र जपला जातो. जग आहे तसेच राहील, तू तुझी दृष्टी बदल, म्हणजे सारे सुरळीत होईल, हे या उपदेशाचे सार. ज्याच्या वाट्याला माणसांनीच निर्माण केलेली विषमता आली, त्याला असे सांगणे म्हणजे पायात काटा रुतलेल्या माणसाला चाल सुधारायला सांगण्यासारखे आहे. उलट आपल्या चळवळीतही एक मत आढळते. मनाबिनाच्या गोष्टी हे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत, व्यवस्था बदलली की मन आपोआप बदलेल, असे हे मत म्हणते. ही दोन्ही मते तपासून घेतली पाहिजेत. कारण खेड्यातून शहराच्या वसतिगृहात आलेला आपला विद्यार्थी रात्री जागा राहून 'आपल्याच्याने हे व्हायचे नाही' असे स्वतःशी म्हणत असतो, तेव्हा पहिले मत त्याला फसवते आणि दुसरे मत त्याला एकटे सोडते.

दलित साहित्याने 'नकार' हा शब्द आपला मानला. हा नकार ग्रंथप्रामाण्याला होता, जातीच्या उतरंडीला होता, माणसाला माणूस न मानणाऱ्या संस्कृतीला होता. त्याची दिशा बाहेरची होती. नकारात्मक विचाराची दिशा नेमकी उलट, आतली असते. नकार म्हणतो, 'तुमची व्यवस्था खोटी आहे.' नकारात्मकता म्हणते, 'मीच कमी आहे.' शब्द एकाच मुळाचे असले तरी एकातून कृती जन्मते आणि दुसऱ्यातून माघार. म्हणून नकारात्मक विचार घालवायचा म्हणजे राग सोडून द्यायचा, असा अर्थ कोणी करून घेऊ नये. आपला राग अनेकदा चुकून आपल्याच अंगावर येतो. तो तेथून काढून योग्य ठिकाणी न्यायचा, एवढाच येथे प्रश्न आहे.

'मी कमी आहे' हा विचार येतो कोठून? तो जन्मतः कोणाच्याही मनात नसतो. अमेरिकेतील केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४० च्या दशकात लहान मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. बाहुल्या सर्व बाबतींत सारख्या, फरक फक्त रंगाचा. अनेक कृष्णवर्णीय मुलांनी गोरी बाहुली चांगली ठरवली आणि काळीसावळी वाईट. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या संशोधनाचा आधार घेतला. मुलांना हे कोणी पाठ करून घेतले नव्हते. आजूबाजूचे सारे जगच त्यांना ते शिकवीत होते.

आपल्या देशातले उदाहरण याहून बोलके आहे. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या अभ्यासकांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहासारखी कोडी सोडवायला दिली. कोड्यामागे पैसे ठेवले. जातीचा उच्चार झाला नाही तेव्हा उच्चजातीय आणि दलित मुलांच्या कामगिरीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मग दुसऱ्या गटांत मुलांची नावे जातीसह सर्वांसमक्ष पुकारली गेली. तेवढ्यानेच दलित मुलांची कामगिरी ठळकपणे घसरली. २००६ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मुलांची बुद्धी तीच होती, कोडीही तशीच होती. बदलली ती फक्त आजूबाजूची हवा. मग वर्गात जात विचारली गेली, राखीव जागेवरून टोमणा मारला गेला, आणि नंतर पेपर अवघड गेला, तर 'आपली कुवतच कमी' हा निष्कर्ष कोणत्या न्यायाने काढायचा?

परंतु कारण बाहेर आहे एवढे कळले म्हणून मन मोकळे होते काय? होत नाही. वर्षानुवर्षे प्रयत्न वाया गेले की माणूस प्रयत्नच सोडून देतो, आणि दार उघडले तरी बाहेर पडत नाही. १९६७ च्या सुमारास मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून ही असहायता दाखवली. काही केले तरी विजेचा धक्का चुकत नाही, असा अनुभव आलेले बरेच प्राणी, पुढे सुटका सहज शक्य असतानाही जागचे हलले नाहीत. हा प्रयोग क्रूर होता, आणि प्राण्यांवरून माणसाचे अनुमान जपूनच काढावे. पण त्याच दोघांनी २०१६ मध्ये आपला जुना सिद्धांत स्वतःच उलटा केला, ते महत्त्वाचे आहे. दीर्घ संकटात हातपाय गाळणे ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावे लागते ते हे की, 'माझ्या कृतीने परिस्थितीत फरक पडतो.' हा अनुभव एकदा मेंदूत रुजला की पुढच्या संकटात तो माणसाला सावरतो.

महाराष्ट्राला हे प्रयोगशाळेतून कळायची गरज नव्हती. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर हक्क मिळाला. तरीही त्यानंतरची सुमारे तीन वर्षे ते पाणी अस्पृश्यांसाठी दूरच राहिले. बाहेर सवर्णांची दहशत होती, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या धाकाने आतही पाय अडत होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्याची किंमत त्याच दिवशी मोजावी लागली. परतणाऱ्या माणसांवर हल्ले झाले, पुढे तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, आणि उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल मिळायला १९३७ साल उजाडले. म्हणजे पाण्याचा प्रश्न त्या दिवशी सुटला नव्हता. पण हे पाणी आपण पिऊ शकतो, हा अनुभव हजारो माणसांनी घेतला होता, आणि तो अनुभव कोणत्याही ठरावाने मागे घेता येण्यासारखा नव्हता. त्याच वर्षी डिसेंबरात महाडलाच बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत बदलायला सांगितली, जातीची खूण सांगणारे दागिने टाकायला सांगितले. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या गोष्टी होत्या. परंतु आपल्या हातात असलेली गोष्ट आजच बदला, हा त्यांतला धडा क्षुल्लक नव्हता.

या साऱ्यातून रोजच्या वापरासाठी काय घ्यायचे? आरन बेक या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९६० च्या दशकात उदासीनतेच्या रुग्णांवर उपचार करताना एक गोष्ट हेरली. घटना आणि दुःख यांच्यामध्ये एक वाक्य असते. ते इतक्या वेगाने मनात येऊन जाते की आपल्याला ते वाक्य न वाटता वस्तुस्थितीच वाटते. वर्गात इंग्रजी शब्दाचा उच्चार चुकला, कोणी हसले, ही घटना. 'मी इथला नव्हेच' हे वाक्य. त्यानंतर येणारा घाम, गप्प बसणे, तास बुडवणे, हा त्या वाक्याचा परिणाम. बेकची पद्धत साधी आहे. ते वाक्य पकडायचे, कागदावर उतरवायचे, आणि न्यायालयात साक्षीदाराला विचारावे तसे त्याला विचारायचे : पुरावा काय? विरुद्ध पुरावा काय? याहून खरे वाक्य कोणते? उच्चार चुकला हे खरे. ज्या घरात इंग्रजी कोणी बोलत नव्हते त्या घरातून मी इथवर आलो, हेही खरे. उच्चार सरावाने सुधारतो, हेही खरे. या तिन्ही खऱ्या गोष्टींतून 'मी इथला नव्हेच' हे निघत नाही.

आपल्या विद्यार्थ्यांनी या वहीत आणखी एक रकाना आखावा : हे वाक्य मी प्रथम कोणाच्या तोंडून ऐकले? पाली वाङ्मयात, मज्झिम निकायातील वितक्कसंठान सुत्तात, अकुशल विचार दूर करण्याचे पाच उपाय बुद्धाने सांगितले आहेत. सुतार लहान खुंटीने मोठी खुंटी ठोकून काढतो, तसा कुशल विचाराने अकुशल विचार काढावा, हा त्यांतला पहिला. चौथा उपाय म्हणजे विचार कोठून उत्पन्न झाला त्याचा माग काढत मागे जाणे. असा माग काढला की 'आमच्यात डोके नसते' हे वाक्य आपले नाही, ते कोण्या गुरुजींचे, गावच्या पाटलाचे, सहकाऱ्याच्या कुत्सित हसण्याचे आहे, असे ध्यानात येते. दुसऱ्याचे मत आपण आपल्या आवाजात वागवीत होतो, एवढे कळले तरी त्याचा जोर कमी होतो.

राखीव जागेबाबतचे वाक्यही असेच तपासावे. ही सवलत कोणाची मेहेरबानी नव्हे, ती घटनेच्या १५ व १६ व्या कलमांतून आलेली आहे. प्रवेशाची यादी वेगळी असते, परंतु विद्यापीठाच्या पदवी परीक्षेचा पेपर सर्वांना एकच असतो. तो पेपर आपण आपल्या हाताने लिहिलेला असतो.

मात्र येथे एक भेद कटाक्षाने करावा लागतो. 'मार्गदर्शक मला मुद्दाम टाळतात' हा विचार मनाचा खेळ असू शकतो, आणि तो अक्षरशः खराही असू शकतो. तपासल्यावर तो खोटा निघाला तर सोडून द्यावा. खरा निघाला तर तो मनाचा आजार नव्हे, तो अन्याय आहे. त्याचे औषध वहीत नाही. तारीख, वेळ, शब्द आणि साक्षीदार यांची नोंद ठेवावी, लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी, संघटनेला सोबत घ्यावे, गुन्हा असेल तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा आधार घ्यावा. १८५५ मध्ये जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या सुमारे चौदा वर्षांच्या मातंग मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध लिहिला, तो 'ज्ञानोदया'त छापून आला. तिने दुःख मनात कुजू दिले नाही, त्याचे आरोपपत्र केले. १९७८ मध्ये आलेल्या दया पवारांच्या 'बलुतं'पासून दलित आत्मकथनांनी हेच मोठ्या प्रमाणावर केले. जी लाज लेखकाच्या माथी मारली होती, ती वाचणाऱ्या समाजाची झाली.

आणि एक सांगणे अगत्याचे आहे. २०१६ मध्ये हैदराबादेत रोहित वेमुला गेला, २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेल्या. शिकलेली, उमेदीची माणसे आपण गमावली आहेत. झोप उडणे, अन्नावरची वासना जाणे, कशातच रस न उरणे हे दोन आठवडे टिकले, किंवा जीव नकोसा झाला, तर तो दुबळेपणा समजू नये. ताप आल्यावर जसे आपण दवाखान्यात जातो तसेच मनोविकारतज्ज्ञाकडे जावे. शासनाच्या 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक विनामूल्य आहे, तो वसतिगृहाच्या फलकावर लावून ठेवावा. उपचार घेणारा कार्यकर्ता चळवळीतून वजा होत नाही, तो चळवळीसाठी टिकतो.

शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी म्हणूनच तीन गोष्टी कराव्यात. वर्गात जातीचा जाहीर उच्चार टाळावा, शिष्यवृत्तीची यादी मोठ्याने वाचू नये. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी वसतिगृहात आठवड्यातून एक बैठक घ्यावी. तीत आधी आलेल्यांनी आपल्या नापासाचे विषय आणि पुढे ते कसे सुटले, हे मोकळेपणाने सांगावे, म्हणजे ही अडचण आपल्या एकट्याची नाही हे नव्याला कळेल. आणि प्रत्येकाला लवकर पूर्ण होईल असे एखादे काम सोपवावे : सभेत दोन मिनिटे बोलणे, एखादा अर्ज लिहून कार्यालयात नेऊन देणे, भित्तिपत्रकाचा मजकूर तयार करणे. काम लहान असो, ते त्याच्या हातून पुरे व्हावे.

व्यवस्था बदलेपर्यंत मन थांबू शकत नाही, आणि मन खचलेली माणसे व्यवस्था बदलू शकत नाहीत. ही दोन्ही कामे एकाच वेळी करायची आहेत. येत्या आठवड्यात आपल्या जवळच्या वसतिगृहात अशी एक बैठक भरवता येईल काय, याचा विचार प्रत्येक वाचकाने करावा.